केसाहून पातळ पडद्यावरचा पूर

२७ जुलै २०१९. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे, चामटोलीपाशी उभी होती. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. डब्याच्या दारातून जिकडे बघावं तिकडे गढूळ पाणी, आणि आत हजाराहून जास्त माणसं. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आणि हवाई दल आलं, आजूबाजूच्या गावांतली माणसं मदतीला धावली. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले.

त्याच चामटोलीला मे महिन्यात यावं. खाचरांना भेगा पडलेल्या, बांधावरचं गवत वाळून काडी झालेलं, पारा चाळिशीच्या पार. राजमाचीच्या डोंगरातून उतरणारी उल्हास तेव्हा इतकी गरीब दिसते, की हीच नदी आगगाडी अडवते हे नवख्या माणसाला खरं वाटणार नाही. एकाच जागेचे हे दोन चेहरे. पण या दोन चेहऱ्यांमध्ये निदान दोन महिन्यांचं अंतर असतं.

हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीच्या पोटात एक पडदा असतो. त्याची जाडी माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. त्या पडद्याच्या एका अंगाला मे महिना असतो आणि दुसऱ्या अंगाला जुलै, दोन्ही एकाच वेळी. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली, तेव्हापासून चामटोलीच्या पुलावरून नदीकडे बघताना मला तो पडदा आठवतो.

हायड्रोजनच्या गाडीबद्दल आपण सगळ्यांनी एक वाक्य ऐकलेलं आहे: धूर नाही, मागून फक्त पाणी निघतं. त्या 'फक्त'मध्ये किती कष्ट दडलेले आहेत! गेली कित्येक दशकं जगभरच्या शास्त्रज्ञांनी आणि इंजिनिअरांनी या पाण्याशी झटापट केली आहे, आणि त्यांतले काही आपल्या शेजारी, पुण्यात पाषाणला बसतात.

आधी यंत्र समजून घेऊ. त्याला फ्युएल सेल म्हणतात, मराठीत इंधनघट. पडद्याच्या एका बाजूने हायड्रोजन येतो. तिथे प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. त्यांच्या संगतीत हायड्रोजनच्या अणूचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असे दोन भाग होतात. पडदा प्रोटॉनला आत घेतो, इलेक्ट्रॉनला घेत नाही. इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेने वळसा घालून पलीकडे जावं लागतं, आणि तो वळसा म्हणजेच वीज. तिच्यावर गाडीची मोटर फिरते. पलीकडच्या बाजूला हवेतला ऑक्सिजन वाट बघत असतो. प्रोटॉन पडद्यातून येतात, इलेक्ट्रॉन तारेतून येतात, ऑक्सिजनशी त्यांची गाठ पडते आणि पाणी तयार होतं. ज्वाला नाही, स्फोट नाही, हलणारा दट्ट्या नाही. विल्यम ग्रोव्ह या वेल्सच्या माणसाने १८३९च्या सुमाराला हे करून पाहिलं होतं. म्हणजे कल्पना आपल्या पहिल्या आगगाडीहूनही जुनी.

पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, तमिळनाडूतल्या कराईकुडीच्या केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेने आणि पुण्याच्याच केपीआयटी या कंपनीने २०१६ मध्ये मोटारीसाठी असा घट बनवण्याचं काम एकत्र हाती घेतलं. ऑक्टोबर २०२०मध्ये त्यांची पाच जणांची मोटार रस्त्यावर चाचणीसाठी धावली. दहा किलोवॉटचा घटसंच, ३५० बार दाबाच्या टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन, आणि ताशी साठ-पासष्टच्या वेगाने सुमारे २५० किलोमीटर जाण्याची अपेक्षा. पडदा आणि त्याच्या दोन्ही अंगांची प्लॅटिनमची साय, म्हणजे यंत्राचं काळीज, या सरकारी प्रयोगशाळांच्या ज्ञानातून आलं होतं. २१ ऑगस्ट २०२२ रोजी याच मंडळींनी केलेली बस पुण्यात लोकांसमोर आली.

आता पावणेदोन किलो हायड्रोजनचं पाणी किती होतं ते बघा. एक किलो हायड्रोजन हवेतून आठ किलो ऑक्सिजन ओढून घेतो आणि नऊ किलो पाणी करतो. पावणेदोन किलोचं जवळजवळ सोळा लिटर, म्हणजे एक हंडा. चामटोलीहून पुण्याला जाऊन यावं आणि वाटेत एक हंडा पाणी गाडीतून पाझरून जावं, एवढाच मामला. घटसंच पूर्ण जोरात चालला तरी तासाला पाचेक लिटर. बारवी धरणाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हे पाणी काय वाटणार? पण हे पाणी नळातून पडत नाही. ते प्लॅटिनमच्या कणाकणावर, उघड्या डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा छिद्रांमध्ये, रेणू-रेणूने जन्मतं. ज्या वाटेने ऑक्सिजन आत यायचा, त्याच वाटेने या पाण्याने बाहेर पडायचं. वाट एक, येणारे-जाणारे दोन.

मग हे पाणी सगळंच्या सगळं फुंकून बाहेर का टाकत नाहीत? कारण पडद्याला त्याची तहान असते, आणि इथे मला सगळ्यात जास्त नवल वाटतं.

पडद्यासाठी सर्वांत जास्त वापरला गेलेला पदार्थ म्हणजे नॅफिऑन. ड्यू पाँट कंपनीतल्या वॉल्थर ग्रोट यांनी तो १९६०च्या दशकात शोधला. तो तव्यावरच्या टेफ्लॉनचा भाऊबंद आहे. त्याचा कणा टेफ्लॉनसारखाच, पाण्याला जवळ न करणारा. पण त्या कण्याला ठिकठिकाणी फांद्या फुटलेल्या असतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला सल्फॉनिक आम्लाचा गट असतो, तो पाण्यासाठी आसुसलेला. पडदा ओला झाला की पाणी या टोकांभोवती गोळा होतं आणि काही नॅनोमीटर रुंदीची डबकी तयार होतात. डबक्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या वाटा होतात. प्रोटॉन या डबक्यांमधूनच पलीकडे जातो. कोरडा पडदा त्याला भिंत आहे, ओला पडदा रस्ता.

आणि जातो तरी कसा! बदलापुरात कुठल्याही नव्या इमारतीवर स्लॅब पडताना बघा. माणसांची रांग उभी असते. घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. माणूस जागचा हलत नाही, घमेलं वर पोचतं. पाण्याचे रेणू असेच रांगेत उभे असतात. इकडून एक प्रोटॉन पहिल्या रेणूला चिकटला की तो आपला एक प्रोटॉन पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. पलीकडे जो प्रोटॉन बाहेर पडतो तो आत शिरलेला असेलच असं नाही. १८०६मध्ये थिओडोर फॉन ग्रोटहुस या तरुण शास्त्रज्ञाने पाण्यातून वीज कशी जाते हे सांगताना अशीच हातोहात देण्याची कल्पना मांडली. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात हेसुद्धा तेव्हा ठरलेलं नव्हतं!

पण प्रत्येक घमेलं असं हातोहात जात नाही. काही प्रोटॉन पाण्याच्या रेणूंना सोबत घेऊनच पलीकडे जातात, पाहुण्याने निघताना घरातल्या एका-दोघांना बरोबर न्यावं तसे. जितकी जास्त वीज मागाल तितके जास्त प्रोटॉन निघतात आणि तितकं जास्त पाणी हायड्रोजनच्या बाजूकडून हवेच्या बाजूकडे ओढलं जातं. हवेच्या बाजूला तर मुळातच नवं पाणी तयार होत असतं. म्हणजे आधीच भरलेल्या घरात आणखी भर, आणि रिकाम्या घरातून उपसा. घाटात चढ आला, चालकाने पाय दाबला, की पडद्याची एक बाजू सुकू लागते आणि दुसरी तुंबू लागते. हेच ते मे आणि जुलै.

यावर निसर्गाचाच एक उतारा आहे. जिथे पाणी जास्त तिथून ते जिथे कमी तिकडे झिरपतं. खाचराच्या बांधातून शेजारच्या खाचरात पाणी पाझरतं तसं पडद्यातूनही ते उलट्या दिशेने परत येतं. पडदा जितका पातळ तितकी ही परतीची वाट सोपी. म्हणून गेल्या काही दशकांत पडदे पातळ होत गेले आहेत. पूर्वीचे सव्वाशे-पावणेदोनशे मायक्रॉनचे असत, आता दहा-पंधरा मायक्रॉनपर्यंत उतरले आहेत. आणखी पातळ केला तर हायड्रोजनच पलीकडे निसटण्याची भीती. नफा-तोट्याचा हा हिशेब मायक्रॉनच्या मापाने चालतो.

उरलेलं पाणी बाहेर काढायची युक्ती मात्र आपल्या परसातली आहे. श्रावणात अळूचं पान बघावं. त्यावर पाऊस पडतो पण पान भिजत नाही. थेंब मोत्यासारखा गोल होतो आणि जरा वारा आला की घरंगळून जातो. इंधनघटात प्लॅटिनमच्या थराला लागून कार्बनच्या तंतूंचा एक कागद असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास जाड. या कागदाच्या तंतूंना टेफ्लॉनचा लेप देतात. कागद सच्छिद्र, म्हणून हवा आत जाते. तंतू अळूच्या पानासारखे, म्हणून पाणी त्यांना धरून बसत नाही, दाबाखाली पुढे पुढे ढकललं जातं आणि कागदाच्या दुसऱ्या पृष्ठभागावर थेंब होऊन उगवतं. तिथे मिलिमीटरभर रुंदीचे पाट कोरलेले असतात. पाटातून जोरात वाहणारी हवा तो थेंब उचलून नेते. पुण्याच्या घटसंचात हे पाट अतिशय पातळ धातूच्या पत्र्यांवर आहेत. त्या पत्र्यांमुळे संचाचं वजन दोन-तृतीयांशाने कमी झालं.

थेंब उचलला गेला नाही तर? शेजारचा थेंब त्याला मिळतो, पाट बंद होतो. बाहेर हवा भरपूर, पण प्लॅटिनमपर्यंत ती पोचत नाही. इंजिनिअर याला 'फ्लडिंग' म्हणतात, पूर. हा शब्द त्यांनी अलंकार म्हणून घेतलेला नाही. आत खरोखर तेच होतं, आणि महालक्ष्मीचं जे झालं तेच होतं: मदत जवळ असते, वाट पाण्याखाली असते. शिवाय घट एकटा नसतो. एका घटाचा विद्युतदाब भार असताना कसाबसा ०.६ ते ०.७ व्होल्ट, म्हणून शेकडो घट एकापुढे एक जोडावे लागतात; टोयोटाच्या पहिल्या मिराई मोटारीत ३७० होते. सगळ्यांतून तीच वीज वाहते. एका डब्यात साखळी ओढली की अख्खी गाडी थांबते, तसा एक तुंबलेला घट सगळ्या संचाला खाली ओढतो. हायड्रोजनच्या बाजूची वाट तुंबली तर त्याहून वाईट: उपाशी घटातला कार्बनच जळू लागतो. ती इजा कायमची.

आतापर्यंत मी फक्त पाण्याचं बोललो. पण पाणी आणि उष्णता वेगळी करताच येत नाहीत.

सिद्धांताप्रमाणे एका घटाला १.२३ व्होल्ट द्यायला हवेत. तो ०.६५च्या आसपास देतो. उरलेल्याची उष्णता होते. ढोबळ हिशेबाने जितकी वीज तितकीच उष्णता. दहा किलोवॉटचा संच म्हणजे पाच घरगुती गिझर एका पेटीत चालू ठेवल्यासारखं. आणि हवेची पाणी पिण्याची ताकद उष्णतेवर ठरते. तीस अंशांना एक घनमीटर हवेत जेमतेम तीस ग्रॅम वाफ मावते, साठ अंशांना एकशे तीस, ऐंशी अंशांना जवळजवळ तीनशे. वाळत घातलेल्या कपड्यांचं हेच गणित, फक्त इथे ते पाच-दहा अंशांत उलटंपालटं होतं.

आणि ते कुठे उलटतं, हा आकडा मला फार देखणा वाटतो. समजा साध्या दाबाची कोरडी हवा आत सोडली आणि रासायनिक क्रियेला लागते त्याच्या दुप्पट सोडली. तर साधारण साठ अंशांना असं होतं, की घटात जेवढं पाणी तयार होतं बरोबर तेवढंच बाहेर जाणारी हवा वाफ करून नेऊ शकते. ना थेंब मागे, ना पडदा कोरडा. साठाच्या खाली उतरलात की पूर, वर चढलात की दुष्काळ. संबंध यंत्राचं पाऊसपाणी एका तापमानाच्या काठावर तोललेलं!

मग घट साठावरच का चालवत नाहीत? पुण्याचा संच ६५ ते ७५ अंशांवर चालतो. जास्त उबेत रासायनिक क्रिया चपळ होते, आणि बाहेरच्या हवेपेक्षा संच जितका गरम तितकी त्याची उष्णता काढून टाकणं सोपं. म्हणून सत्तरीत राहायचं ठरतं, आणि तिथे पडदा सुकू नये म्हणून आत येणाऱ्या हवेला ओलावा द्यावा लागतो. तो आणतात कुठून? बाहेर जाणाऱ्या हवेकडून. जाणारी ओली हवा आणि येणारी कोरडी हवा एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी शेजारून नेतात, आणि ओलावा इकडून तिकडे झिरपतो. यंत्र आपलंच पाणी आपल्याला उसनं देतं.

उष्णता काढणं सोपं, असं मी म्हटलं खरं, पण ते तुलनेने. इथे एक कोडं आहे, आणि ते आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या लोकांनी नीट समजून घ्यावं असं आहे. डिझेलचं इंजिन कितीतरी जास्त तापतं, तरी त्याला थंड करणं सोपं! कारण त्याच्या उष्णतेचा मोठा भाग सायलेन्सरमधून तापलेल्या धुराबरोबर आपोआप निघून जातो. इंधनघटाचा उच्छ्वास मात्र कोमट. जवळजवळ सगळी उष्णता रेडिएटरनेच बाहेर टाकायची असते. आणि रेडिएटर चालतो तो फरकावर. इंजिनातलं पाणी ९५ अंश, बदलापूरच्या मे महिन्यातली हवा ४२; फरक ५३. घटातलं पाणी ७०, हवा तीच ४२, फरक २८. अर्ध्या फरकाने तेवढीच उष्णता काढायची तर रेडिएटर दुप्पट हवा. युरोपात पंधरा अंशांच्या हवेत हाच फरक ५५ भरतो. तिथे नीट चाललेली मोटार इथे आणून सोडली की काम झालं, असं होत नाही. आपल्या उन्हाळ्याचा विचार आपल्याच इंजिनिअरांना करावा लागतो, आणि हे काम पुण्यात होतंय याचा मला मनापासून आनंद आहे. एवढ्याने भागत नाही. शेकडो घटांच्या मधून फिरणारं ते थंड करणारं पाणी विजेचं वाहकही असता कामा नये, नाहीतर वीज त्यातूनच पळेल. म्हणून त्यातले क्षार सतत गाळत राहावे लागतात.

चालत्या गाडीत, बंद धातूच्या पेटीत, आत पूर आहे की कोरड हे कळतं कसं? नाडीवरून. पडदा सुकला की त्याचा विद्युतरोध वाढतो. पाट तुंबला की रोध तसाच राहतो, पण हवा पलीकडे ढकलायला जास्त दाब लागतो आणि व्होल्टेज थरथरू लागतं. गाडीतला संगणक या खुणा वाचून हवा वाढवतो, तापमान दोन अंश हलवतो, नाहीतर हायड्रोजनची बाजू क्षणभर उघडून साठलेलं पाणी झटकून टाकतो.

प्रयोगशाळेत तर आत बघण्याचीच सोय आहे, आणि ती ऐकून मी थक्क झालो. क्ष-किरण धातूला अडतात. न्यूट्रॉनांचं उलटं: पत्र्यातून ते सहज आरपार जातात, पण पाण्यातल्या हायड्रोजनला धडकून विखुरतात. म्हणून चालू घटावर न्यूट्रॉनांचा झोत सोडला की धातू काचेसारखा होतो आणि आतलं पाणी सावलीसारखं उमटतं. अमेरिकेत गेथर्सबर्गला आणि स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत अशा चित्रांवरून पाटात थेंब कुठे जमतो, कधी सुटतो हे बघितलं गेलं. न्यूट्रॉनांनी चित्र काढायची सोय आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरही आहे.

पाणी जिथे खाली पडतच नाही, तिथे काय करायचं, हा प्रश्न याही आधी सोडवावा लागला होता. ऑगस्ट १९६५मध्ये जेमिनी ५ हे यान आठ दिवस पृथ्वीभोवती फिरलं, आणि अंतराळात माणसांसाठी इंधनघट चालवण्याची ती पहिली वेळ. वजनरहित अवस्थेत थेंब ओघळत नाही. तिथल्या घटांत पाणी शोषून न्यायला वाती लावल्या होत्या. समईतलं तेल वातीतून चढतं ना, त्याच ओढीने पाणी घटातून बाहेर चढत होतं. पुढे अपोलो यानांत वेगळ्या जातीचे, अल्कली वापरणारे घट आले, आणि चंद्रावर निघालेली माणसं त्यांच्यातून निघालेलं पाणी प्यायली.

आता पुन्हा जमिनीवर. ३० मार्च २०२२ रोजी नितीन गडकरी हायड्रोजनच्या मिराई मोटारीतून संसदेत आले. मिराईत मागून निघणाऱ्या पाण्यासाठी एक स्वतंत्र बटण आहे. घरच्या गॅरेजमध्ये लादी ओली होऊ नये, म्हणून आत शिरण्याआधी ते दाबायचं आणि साठलेलं पाणी रस्त्यावरच सोडून द्यायचं.

गाडी बंद केल्यावरही काम संपत नाही. किल्ली फिरवली, दिवे विझले, माणसं उतरली, तरी आत हवेचा पंप थोडा वेळ घुमत राहतो. तो पाटांमधलं उरलेलं पाणी फुंकून काढत असतो. लेहसारख्या ठिकाणी, जिथे हायड्रोजनच्या बस चालवायला सुरुवात झाली आहे, तिथे हे पाणी आत राहिलं तर रात्री गोठेल, फुगेल आणि पडद्यावरची प्लॅटिनमची साय फाडेल. पण सगळंच फुंकून टाकलं तर सकाळी पडदा कोरडा, आणि गाडी सुरू व्हायला कुरकुर करणार. म्हणून पंप पाट कोरडे करतो, आणि पडद्यात थोडी ओल शिल्लक आहे तोवरच थांबतो.